ग्रेडियंटवर कुंचल्याचे फटकारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर भागात डिजिटल चित्र शिकणारी मुलं, ए.टी.डी.चे (कला शिक्षक पदविकेचे) विद्यार्थी आणि फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करणारे कारागीर यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं क्रिटा, गिम्प, फोटोशॉप आणि कोरलड्रॉ धरून दिली आहेत. क्रिटा आणि गिम्प फुकट आहेत. घरच्या जुन्या लॅपटॉपवर शिकायचं असेल तर क्रिटापासून सुरुवात करा, असं आमचं मत आहे.

ग्रेडियंट टाकला की चित्र प्लास्टिकसारखं का दिसतं?

ग्रेडियंट म्हणजे हिशोब आहे. या टोकाला हा रंग, त्या टोकाला तो, मधलं सगळं समान वाटून दिलेलं. त्यात कुठे कडा नाही, दिशा नाही, रंगाची चुकामूक नाही. पोस्टर कलरनं आकाश रंगवताना कागदावर काय होतं ते आठवा. प्रत्येक फटकाऱ्यात रंग थोडा कमी-जास्त येतो. कुंचला सुकत आला की केसांच्या रेघा उमटतात. दोन फटकारे जिथे भेटतात तिथे एक कडा राहते. या तीन गोष्टी ग्रेडियंटमध्ये आणल्या की तो हातानं रंगवल्यासारखा दिसू लागतो.

चौथी गोष्ट वेगाची. खरं आकाश वरपासून खालपर्यंत एकाच वेगानं बदलत नाही. पैठणला जायकवाडी धरणाच्या भिंतीवरून संध्याकाळी पश्चिमेला नाथसागराकडे बघा. डोक्यावरचा निळा बराच वेळ निळाच राहतो आणि क्षितिजाजवळच्या थोड्याशा पट्ट्यात जांभळट, शेंदरी, पिवळा असे सगळे रंग दाटीनं येतात. ग्रेडियंटचे स्टॉप, म्हणजे रंग नेमून दिलेल्या जागा, समान अंतरावर ठेवले की इथेच खोटेपणा दिसतो. कुंचल्याला हात लावण्याआधी स्टॉप सरकवा.

फाइल कोणत्या मापाची आणि किती बिटची घ्यावी?

आधी चित्र कुठे जाणार ते ठरवा. ए-४ कागदावर ३०० पीपीआयनं (एका इंचात ३०० पिक्सेल) छापायचं तर २४८० × ३५०८ पिक्सेल. चार बाय तीन फुटांच्या फ्लेक्ससाठी ७२ पीपीआय पुरतो, म्हणजे ३४५६ × २५९२. दहा बाय आठ फुटांचा बॅनर असेल तर ३६ पीपीआयवर, ४३२० × ३४५६ मध्ये रंगवा आणि शेवटी दुप्पट करा. तो लांबून बघायचा असतो, शिवाय फटकाऱ्यांचं चित्र मोठं केलेलं सहन करतं.

बिट म्हणजे रंगाच्या किती बारीक पायऱ्या साठवता येतात त्याचं माप, ते १६ घ्या. क्रिटात नवीन फाइल उघडताना मॉडेल आरजीबी आणि डेप्थमध्ये १६-बिट इंटिजर निवडा. गिम्पमध्ये इमेज मेनूत हा पर्याय आहे. मेमरीचा हिशोब मात्र आधी करा. चार बाय तीनच्या वरच्या फाइलचा एक पूर्ण भरलेला लेयर (चित्राचा थर) ८ बिटला सुमारे ३६ एमबी आणि १६ बिटला ७२ एमबी जागा खातो. दहा लेयर झाले की सातशे एमबी गेले, त्यावर अनडूची मेमरी वेगळी. ४ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर पाच-सहा लेयरवर थांबा आणि झालेले लेयर मर्ज (एकत्र) करत चला. ग्रेडियंटचा मूळ लेयर मात्र कधीही मर्ज करू नका, त्याचं कारण पुढे येईल.

ग्रेडियंटमध्ये पट्टे का पडतात?

८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा या प्रत्येक घटकाला) २५६ पायऱ्या असतात. समजा तुमचा गडद निळा ४० पासून ९० पर्यंत जातो आणि हा बदल २००० पिक्सेल उंचीवर पसरलेला आहे. पायऱ्या मिळाल्या फक्त ५०, म्हणजे प्रत्येक पायरी ४० पिक्सेल रुंद. गडद रंगात एवढा पट्टा डोळ्याला सहज दिसतो. म्हणून रात्रीचं आकाश, गाभाऱ्यातला अंधार, पावसाळी ढग अशा ठिकाणी पट्टे जास्त पडतात आणि भडक सूर्यास्तात कमी.

उपाय दोन. पहिला, १६ बिटमध्ये काम करा. तिथे क्रिटा आणि गिम्पमध्ये पायऱ्या ६५,५३६ असतात. दुसरा, डिदर चालू ठेवा. गिम्प आणि फोटोशॉप दोन्हीकडे ग्रेडियंट टूलच्या पर्यायांत डिदरची खूण असते. डिदरमुळे पायरीच्या सीमेवर दोन्ही रंगांचे बारीक कण मिसळतात आणि रेघ मोडते. एवढं करूनही शेवटी ८ बिटला आणताना पट्टे दिसले तर १ ते २ टक्के नॉइज घाला. फोटोशॉपमध्ये अ‍ॅड नॉइज, गॉशियन, मोनोक्रोमॅटिकवर खूण. क्रिटात फिल्टर मेनूच्या अदर भागात रँडम नॉइज आहे.

कधी कधी फाइल चांगली असते आणि पट्टे स्क्रीनचे असतात. स्वस्त लॅपटॉपची पॅनेलं कमी पायऱ्या दाखवतात. तपासायला सोपं आहे: पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा रंग पिकरनं उचला आणि आकडे बघा. ८ बिटच्या मोजणीत फरक एकाचा असेल तर फाइल बिघडलेली नाही, पट्टे ८ बिटच्या पायऱ्यांचे किंवा स्क्रीनचे आहेत. चार-पाचाची उडी असेल तर कुठेतरी पोस्टराइज झालंय, म्हणजे मधल्या पायऱ्या गळाल्यात. बहुतेक वेळा जेपीईजी उघडून त्यावरच काम सुरू केलेलं असतं.

दोन छान रंग घेतले, पण मधला रंग मळकट येतो. असं का?

सॉफ्टवेअर दोन आकड्यांची सरासरी काढतं. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरव्याच्या मधोमध १२८, १२८, ० येतो. हा शेवाळी, गढूळ रंग. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा घ्या, मधोमध १२८, १२८, १२८ म्हणजे चक्क राखाडी. पेटीतले रंग मिसळले की निळ्या-पिवळ्याचा हिरवा होतो ही आपली सवय, पण आरजीबीचा हिशोब उजेडाचा आहे, रंगद्रव्याचा नाही.

पर्याय असे. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत ग्रेडियंटला मेथड निवडता येते: पर्सेप्च्युअल, लीनिअर, क्लासिक. गिम्पच्या ग्रेडियंट टूलमध्ये ब्लेंड कलर स्पेस आहे. लीनिअर निवडलं की लाल-हिरव्याचा मधला रंग १८८, १८८, ० च्या आसपास येतो, म्हणजे बराच उजळ. क्रिटात ग्रेडियंट फाइलच्या कलर स्पेसमध्ये मिसळतो, त्यामुळे लीनिअर हवं असेल तर फाइलच नावाच्या शेवटी जी-१० असलेल्या प्रोफाइलमध्ये बनवावी लागते.

आम्ही मात्र यावर विसंबत नाही. मधे तिसरा स्टॉप टाकतो आणि तो रंग स्वतः निवडतो. निळ्या-पिवळ्याच्या मधे हिरवट हवा की गुलाबी हे चित्र सांगतं, मेथड सांगत नाही.

ग्रेडियंटपासून रंगवलेल्या आकाशापर्यंत नेमकं कसं जायचं? क्रिटातल्या पायऱ्या सांगा.

नाथसागरावरची संध्याकाळ धरू. फाइल ३००० × २००० पिक्सेल, १६ बिट.

तळाच्या लेयरवर उभा ग्रेडियंट ओढा. वर गडद निळा (४६, ६२, १०४). वरून साठ टक्क्यांवर धुरकट जांभळा (१५०, ११०, १४०). ब्याऐंशी टक्क्यांवर शेंदरी (२३२, १५०, ९६). क्षितिजावर फिकट पिवळा (२५०, २०६, १४०). या लेयरला कुलूप लावा. हा तुमचा नकाशा, यावर काहीही रंगवायचं नाही.

त्यावर नवीन लेयर. केसाळ म्हणजे ब्रिसल जातीचा पिक्सेल ब्रश घ्या, आकार फाइलच्या उंचीच्या सुमारे बाराव्या भागाएवढा, इथे १६० ते १८० पिक्सेल. ओपॅसिटी म्हणजे रंगाचा दाटपणा ७० ते ८०. आता कंट्रोल दाबून खालच्या ग्रेडियंटवर क्लिक करा, रंग उचला आणि तिथेच आडवा, किंचित तिरपा फटकारा मारा. मग थोडं खाली पुन्हा रंग उचला, पुन्हा फटकारा. पिकर चालू लेयरवरूनच उचलायला सेट असेल तर हाती काही येणार नाही. पिकरच्या पर्यायांत सर्व लेयर निवडा. अंदाजे दोन तृतीयांश आकाश फटकाऱ्यांनी झाका, बाकीचं उघडं राहू द्या. सगळं झाकलं तर ग्रेडियंटचा उजेड मरतो.

फटकाऱ्या-फटकाऱ्यात रंग बदलायला हवा. एफ-५ दाबून ब्रश एडिटर उघडा, ह्यू (रंगाची जात) चालू करा, सेन्सरमध्ये प्रेशर बंद करून फझी स्ट्रोक लावा आणि ताकद ३ ते ५ टक्के ठेवा. व्हॅल्यूलाही (रंगाच्या उजळपणालाही) तसंच. फझी स्ट्रोक एका फटकाऱ्याला एकच रंग ठरवतो. फझी डॅब प्रत्येक ठशाला नवा रंग देतो, मग फटकारा चिवड्यासारखा दिसतो. आकाशाला तो शोभत नाही, झाडाच्या पानोळ्याला शोभतो. ह्यूची ताकद दहाच्या पुढे नेली की शेंदरीत हिरवे तुकडे येतात.

तिसरा लेयर स्मजसाठी, म्हणजे ओला रंग बोटानं ओढल्यासारखा पसरवण्यासाठी. कलर स्मज इंजिनचा ब्रश घ्या, स्मज लेंग्थ ६० ते ७०, कलर रेट १० ते १५. ओव्हरले चालू करा, म्हणजे ब्रश खालच्या लेयरचे रंगही ओढतो. इथे एकच नियम सांभाळा, पण तो नीट सांभाळा: समान रंगाच्या रेषेला समांतर ओढलंत तर ग्रेडियंट टिकतो आणि फक्त फटकाऱ्यांच्या कडा मऊ होतात, त्या रेषेला छेदून ओढलंत तर एक रंग दुसऱ्यात घुसतो. आकाशात समान रंगाच्या रेषा क्षितिजाला समांतर असतात. दहातले आठ फटकारे समांतर, दोन छेदणारे असं प्रमाण ठेवा. छेदणारे फटकारे जिथे ढगाची कड किंवा उजेडाचा झोत आहे तिथेच हवेत.

शेवटी ५० पिक्सेलचा लहान ब्रश, ओपॅसिटी ९०, आणि सगळ्या आकाशात फार तर पंधरा-वीस ठळक फटकारे. ते बहुतेक शेंदरी आणि जांभळ्याच्या सीमेवर टाका, नजर तिथेच जाते.

पाणी रंगवायचं तर हाच ग्रेडियंट उलटा करून खाली ठेवा, थोडा गडद करा आणि फटकारे अगदी आडवे मारा. आकाशात चालतो तसा तिरपेपणा पाण्यात चालत नाही. पाणी लगेच कललेलं दिसतं.

स्मज करत गेलो आणि सगळा चिखल झाला. आता?

यासाठीच तळाचा ग्रेडियंट राखून ठेवायला सांगितलं. स्मजच्या लेयरला मास्क (लेयरचा भाग न खोडता झाकणारा पडदा) लावा आणि जिथे चिखल झाला तिथे मास्कवर काळ्या रंगानं, केसाळ ब्रशनंच पुसा. खालचा स्वच्छ रंग फटकाऱ्याच्या आकारात वर येतो आणि दुरुस्ती दुरुस्तीसारखी दिसत नाही. गोल मऊ इरेजर वापरलात तर तिथे धुकट डाग राहील.

चिखल होतो तो एकाच जागी चार-पाच वेळा ओढल्यामुळे. दर वेळी सरासरी निघते, आणि सरासरीची सरासरी राखाडीकडेच जाते.

फोटोशॉपचा मिक्सर ब्रश कसा लावायचा?

मिक्सर ब्रश सीएस-५ पासून म्हणजे २०१० पासून आहे. नवीन लेयर घ्या आणि वर सँपल ऑल लेयर्सवर खूण करा. नाहीतर रिकाम्या लेयरवर ब्रशला मिसळायला काही सापडत नाही आणि लोक म्हणतात की टूल बिघडलं. वेट ३० ते ५०, लोड १० ते २०, मिक्स ६० ते ८०, फ्लो ७० च्या आसपास.

आकड्यांचा अर्थ असा. वेट म्हणजे कॅनव्हासवरचा रंग किती ओला. लोड म्हणजे कुंचल्यात किती रंग भरला. कमी असेल तर फटकारा लवकर सुकतो आणि शेपूट येतं. मिक्स म्हणजे कॅनव्हासच्या आणि कुंचल्याच्या रंगाचं प्रमाण. वेट शून्य केलं की मिक्स बंदच पडतं. फक्त ग्रेडियंटचे रंग हलवायचे असतील तर प्रत्येक फटकाऱ्यानंतर रंग भरण्याचं बटण बंद ठेवा आणि कुंचला धुण्याचं चालू. दोन्ही बंद राहिले तर आधीच्या फटकाऱ्याची घाण पुढच्यात येते. मोठ्या फाइलवर तीनशे पिक्सेलच्या पुढचा मिक्सर ब्रश रखडतो. अशा वेळी अर्ध्या मापात रंगवा.

ऑइल पेंट फिल्टर एका क्लिकमध्ये लावला तर चालेल का?

नुसत्या ग्रेडियंटवर लावलात तर फारसं काही घडत नाही. असे फिल्टर चित्रातल्या कडा आणि फरक बघून फटकाऱ्याची दिशा ठरवतात. गुळगुळीत ग्रेडियंटमध्ये फरकच नसतो, म्हणून एकतर काहीच बदलत नाही किंवा सगळीकडे एकसारख्या रेघा येतात.

आधी त्याला खायला काहीतरी द्या. ग्रेडियंटची कॉपी करा, त्यावर १५ ते २५ टक्के नॉइज घाला, मग हलका मोशन ब्लर (२० ते ३० पिक्सेल, कोन जवळपास आडवा), आणि त्यानंतर फोटोशॉपमध्ये फिल्टर, स्टायलाइझ, ऑइल पेंट. लायटिंगची खूण काढून टाका. तो खोटा चमकणारा उठाव छापल्यावर फार वाईट दिसतो. गिम्पमध्ये एचएसव्ही नॉइज घालून आर्टिस्टिकमधलं ऑइलिफाय लावा. गिम्पचं जिंप्रेशनिस्ट वेगळ्या पद्धतीनं चालतं. ते स्वतःचे ब्रशठसे टाकतं आणि त्यात ओरिएंटेशन तुम्हाला ठरवता येतं, त्यामुळे साध्या ग्रेडियंटवरही त्याचा परिणाम दिसतो. क्रिटात आर्टिस्टिकमध्ये ऑइलपेंट आहे, आणि जीमिक या फिल्टरांच्या जोडसंचात आणखी बरेच.

फोटोशॉपची फिल्टर गॅलरी करडी (बंद) दिसत असेल तर बहुतेक वेळा तुमची फाइल १६ बिटची असते. कॉपी ८ बिटला आणून लावा.

आमचा सल्ला: फिल्टरचा लेयर ४० ते ५० टक्के ओपॅसिटीवर ठेवून वर हातानं तीस-चाळीस फटकारे मारा. पूर्ण फिल्टरवरचं चित्र ओळखू येतं, कारण त्यात सगळे फटकारे एकाच जाडीचे असतात.

एकच चित्र वेगवेगळ्या रंगांत हवं असेल तर दर वेळी रंगवायचं का?

मुळीच नाही. हा प्रश्न बॅनरवाल्यांचा, आणि याचं उत्तर सगळ्यांनीच शिकावं असं आहे. फटकारे फक्त काळ्या-पांढऱ्या-करड्यात रंगवा आणि वर ग्रेडियंट मॅप लावा. सर्वात गडद जागी ग्रेडियंटच्या डाव्या टोकाचा रंग येतो, सर्वात उजळ जागी उजव्या टोकाचा. फटकारे तेच राहतात, फक्त ग्रेडियंट बदलायचा. फोटोशॉपमध्ये ग्रेडियंट मॅप अ‍ॅडजस्टमेंट लेयर आहे, क्रिटात फिल्टर लेयर म्हणून लावता येतो, आयपॅडवरच्या प्रोक्रिएटमध्ये अ‍ॅडजस्टमेंट्समध्ये आहे. शिवजयंतीचा भगवा, आंबेडकर जयंतीचा निळा, ईदचा हिरवा, सगळं एकाच पार्श्वभूमीतून निघतं.

चूक होते ती करड्याच्या पट्ट्यात. संपूर्ण चित्र ११० ते १५० मध्येच रंगवलं तर ग्रेडियंटचा मधला तुकडाच वापरला जातो आणि टोकाचे रंग दिसतच नाहीत. लेव्हल्स उघडून करडा २० ते २३५ पर्यंत ताणा, मग मॅप लावा.

पैठणीची धूपछाँव दाखवायची तर हीच युक्ती थोडी बदलून वापरा. त्या कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून घडीच्या कोनानुसार रंग पालटतो. चित्रात घडीचा करडा उतार रंगवा आणि मॅपमध्ये गडद टोकाला जांभळा, उजळ टोकाला मोरपंखी द्या. मधे काळपट होऊ नये म्हणून तिसरा स्टॉप निळ्याचा. फटकारे घडीच्या लांबीला समांतर आणि अगदी बारीक. इथे जाड ब्रिसल वापरलात तर रेशमाचं गोणपाट होतं.

अजिंठ्यासारखी छटा कशी आणायची?

अजिंठ्याच्या चित्रांत अंगाचा गोलवा रंगाच्या चढ-उतारानं दाखवलाय, आणि तो चढ-उतार कुंचल्यानं बांधलाय. आपल्या परंपरेत याला वर्तना म्हणतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात वर्तनेचे तीन प्रकार येतात: पत्रज म्हणजे पानाच्या शिरांसारख्या रेघांनी, ऐरिक म्हणजे अतिशय सूक्ष्म छटेनं, बिंदुज म्हणजे ठिपक्यांनी. ग्रेडियंट फोडायच्या या तीन रीती डिजिटलमध्ये तशाच्या तशा उतरतात.

पत्रजसाठी ६ ते १० पिक्सेलचा टोकदार ब्रश, आकार दाबावर, आणि ग्रेडियंटच्या उतारावर गडद बाजूकडून उजेडाकडे जाणाऱ्या जवळजवळ रेघा. उजेडाकडे अंतर वाढत जाऊ द्या. बिंदुजसाठी ठिपके, ब्रशचं स्पेसिंग (ठशांमधलं अंतर) १५० टक्क्यांच्या वर आणि स्कॅटर (ठसे विखुरणं) चालू. ऐरिकला स्मजच, पण ताकद २०-२५ आणि ब्रश लहान.

रंग मातीचे घ्या. तिथे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि लाजवर्दाचा निळा आहे. गेरूसाठी १५०, ७५, ५० आणि पिवळ्या मातीसाठी २००, १५०, ७५ च्या आसपासचे आकडे घेऊन सुरुवात करा. मोबाइलच्या फोटोतून रंग उचलू नका. लेण्यांत उजेड मंद असतो, फ्लॅशला बंदी आहे, त्यामुळे फोटोवर कॅमेऱ्याचा पिवळटपणा चढलेला असतो.

डोंगर, किल्ला, रान यांच्यासाठी फटकाऱ्याची दिशा कशी ठरवायची?

वस्तूचा आकार जिकडे वळतो तिकडे. दौलताबादचा कडा उभा तासलेला आहे, तिथे फटकारे उभे. बालाघाटच्या माथ्यांवर आडवे आणि छोटे. नांगरलेल्या काळ्या रानात तासांच्या दिशेनं, म्हणजे क्षितिजावरच्या एका बिंदूकडे जमत जाणारे. जवळ जाड ब्रश, लांब बारीक. काळी माती शुद्ध काळ्यानं कधीच रंगवू नका. गडद तपकिरी ते निळसर करडा असा ग्रेडियंट घ्या. ओली असेल तर निळ्याकडे, मे महिन्यात भेगाळलेली असेल तर तपकिरीकडे.

टॅब्लेट नाही, माउसच आहे. जमेल का?

जमेल. माउसला दाब नसतो, म्हणून बदल दुसरीकडून आणायचा. क्रिटात आकाराला आणि ओपॅसिटीला प्रेशरऐवजी फझी डॅब किंवा फझी स्ट्रोक लावा, रोटेशनला ड्रॉइंग अँगल लावा, ओपॅसिटी २५-३० ठेवून एकावर एक फटकारे द्या. ग्रेडियंट मॅपची पद्धत माउसवाल्यांना सर्वात सोयीची.

पेन टॅब्लेट आहे, पण दाब ओळखत नाही.

विंडोजवर क्रिटा असेल तर सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅब्लेट सेटिंग्ज इथे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. एक चालत नसेल तर दुसरा निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. तरीही नाही झालं तर टॅब्लेटचा ड्रायव्हर नव्यानं टाका. जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर मशीनवर राहिलेला असेल तर आधी तो काढा, दोन ड्रायव्हर एकमेकांशी भांडतात.

मोबाइलवर?

आयबिसपेंट या अ‍ॅपमध्ये स्मज, अल्फा लॉक (फक्त रंगवलेल्या भागावरच रंग चढू देणं) आणि क्लिपिंग (खालच्या लेयरच्या आकारातच रंग ठेवणं) आहे, एवढ्यावर वरची बहुतेक कामं होतात. बोटाला दाब नसल्यानं माउसचे नियम लागू. क्रिटा अँड्रॉइडच्या टॅब्लेटवर चालतो, पण लहान स्क्रीनवर त्याचे पॅनेल हाताळणं जिकिरीचं आहे.

दुसऱ्याचे ब्रश डाउनलोड करून काम भागेल का?

तीन ब्रश पुरतात: एक ब्रिसल, एक स्मज, एक टोकदार. फोटोशॉपच्या एबीआर (ब्रशच्या) फाइली क्रिटात उघडतात, पण फक्त ठशाचा आकार येतो, दाब-स्कॅटरची सेटिंग येत नाहीत.

स्क्रीनवर छान दिसतं, फ्लेक्सवर बिघडतं. काय करायचं?

चार कारणं असतात, बहुतेक वेळा एकदम दोन.

पहिलं रंगाचं. छपाई सीएमवायकेत (आकाशी, किरमिजी, पिवळा, काळा या शाईंत) होते आणि स्क्रीनवरचा झगझगीत निळा, हिरवा, केशरी त्यात बसत नाही. रंगवतानाच सॉफ्ट प्रूफ (छपाईचे रंग स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू करून बघा. ग्रेडियंटचं भडक टोक छपाईत सपाट झालं तर त्या भागातले फटकारेही गायब होतात, कारण त्यांच्यातला फरकच कापला जातो. म्हणून भडक भागात फटकाऱ्यांचा फरक ह्यूऐवजी उजेडात ठेवा.

दुसरं मापाचं. ७२ पीपीआयच्या फाइलमधला २० पिक्सेलचा फटकारा फ्लेक्सवर पाव इंचाहून जरा जास्त येतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसणार नाही. चौकातल्या बॅनरसाठी ब्रश ८० पिक्सेलच्या खाली नको.

तिसरं कोरलड्रॉचं. पुष्कळ दुकानांत अक्षरं आणि फोटो तिथेच मांडतात. फाउंटन फिलचे (कोरलमधल्या ग्रेडियंटचे) स्टेप्स कोणी कमी करून ठेवले असतील तर छपाईत पायऱ्या दिसतात. एफ-११ दाबून तपासा आणि २५६ करा. त्यापेक्षा पार्श्वभूमी क्रिटात किंवा फोटोशॉपमध्ये पूर्ण करून टिफ म्हणून आणा. कोरलमध्येच परिणाम हवा असेल तर आधी बिटमॅपमध्ये बदला, मग आर्ट स्ट्रोक्स लावा. नव्या आवृत्त्यांत ते इफेक्ट्स मेनूत आहे, जुन्यांत बिटमॅप्समध्ये.

चौथं अक्षरांचं. फटकारे जोरदार असले की त्यावरची नावं वाचता येत नाहीत. अक्षरांच्या मागच्या भागात फटकाऱ्यांतला उजेडाचा फरक ८ ते १० टक्क्यांच्या आत ठेवा. देवनागरीत शिरोरेषा आडवी असते, त्यामुळे मागचे आडवे फटकारे तिच्यात मिसळतात. नावांमागे फटकारे तिरपे घ्या.

फाइल दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर पट्टे येतात.

फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप माप कमी करतं आणि जेपीईजी जास्त दाबतं. तुमचा नॉइज आणि केसांच्या रेघा त्यातच जातात. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या, आणि दुकानातल्या स्क्रीनवर १०० टक्के झूम करून क्षितिजाजवळचा भाग एकदा बघून घ्या.